रायगड लोकसभा मतदारसंघ

रायगड लोकसभा मतदारसंघ : महाराष्ट्र राज्यातील ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी कोकण किनाऱ्यावरील एक मतदारसंघ. १९५२ ते २००४ या काळातील निवडणुकांत तो ‘कुलाबा’ या नावाने ओळखला जात असे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्यास ‘रायगड’ हे नाव मिळाले व त्याच्या सीमाही बदलल्या. रायगड जिल्ह्यातील पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर अशा सहा विधानसभा मतदारसंघांचा त्यात समावेश होतो. राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरील दिघी हे बंदराचे गाव श्रीवर्धन तालुक्यात असून ते याच लोकसभा मतदारसंघात मोडते.

लोकसभेच्या निवडणुकीचा इतिहास सामान्यतः विजयी उमेदवार व पक्ष यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. तथापि कोणत्या गावांची मते एकत्र मोजली जावयाची, हा प्रश्न मतदानाच्या आधीच सुटलेला असतो आणि निकालावर त्याचा प्रभाव उमेदवारांच्या लोकप्रियतेइतकाच असतो. कुलाबा व रायगड या मतदारसंघांचा सात दशकांचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण आहे. दिघीसारखे गाव जागचे हलले नाही. त्याच्या मताचा संदर्भ मात्र वेळोवेळी बदलत गेला.

भूप्रदेश व समाज : सह्याद्री व अरबी समुद्र यांमधील या चिंचोळ्या पट्ट्यास खाड्यांनी ठिकठिकाणी छेद दिला आहे. मुरूडच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी असून तिच्या उत्तर तीरावर आगरदांडा व दक्षिण तीरावर दिघी आहे. त्याहून दक्षिणेस सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटची खाडी असून तीच रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांची सीमा होय. पाण्यावरून समोर दिसणारे गाव रस्त्याने गाठावयाचे, तर खाडीच्या आतील टोकापर्यंत जाऊन मोठा वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे आगरदांडा–दिघी व बागमांडला–वेश्वी या दोन ठिकाणच्या फेरीबोटींना स्थानिक जीवनात महत्त्वाचे स्थान आहे.

लोकवस्तीत आगरी, कोळी, कुणबी, मराठा, कोकणी मुसलमान, बौद्ध व कातकरी हे समाज प्रामुख्याने आढळतात. भातशेती, मासेमारी, नारळ-सुपारीच्या बागा व मुंबईतील नोकरी ही उपजीविकेची परंपरागत साधने होत. घरातील कर्ता पुरुष मुंबईस व कुटुंब गावी, अशी रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचे प्रतिबिंब मतदारयादीतही पडलेले दिसते. रायगड, तसेच त्याच्या दक्षिणेकडील रत्नागिरी–सिंधुदुर्ग या मतदारसंघांत स्त्री-मतदारांची संख्या पुरुष-मतदारांहून अधिक आहे. असे असूनही १९५२ ते २०२४ या काळात कुलाबा वा रायगड मतदारसंघाच्या सार्वत्रिक निवडणुकीत एकही स्त्री विजयी झालेली नाही.

स्वातंत्र्यपूर्व काळ : आजच्या मतदारसंघाचा प्रदेश स्वातंत्र्यापूर्वी एका सत्तेखाली नव्हता. अलिबाग, पेण, पनवेल, महाड इ. तालुके ब्रिटिश अंमलातील कुलाबा जिल्ह्यात होते, तर मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा हा भाग सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होता. राजपुरी खाडीचे दोन्ही तीर संस्थानाच्या हद्दीत असल्याने दिघीचे ग्रामस्थ जंजिऱ्याच्या नबाबाचे प्रजाजन होते.

या फरकाला राजकीय अर्थ होता. १९१९ व १९३५ च्या कायद्यांन्वये मुंबई प्रांताच्या विधिमंडळासाठी निवडणुका होत. मात्र मताधिकार मालमत्ता, करभरणा, शिक्षण इत्यादींच्या अटींनी मर्यादित होता. तरीही १९३७ ची निवडणूक कुलाबा जिल्ह्यात चुरशीची ठरली. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांचा दीर्घकालीन संप चालू होता आणि खोतीपद्धतीविरुद्धचा असंतोष जिल्हाभर पसरला होता. या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सुरेंद्रनाथ टिपणीस कुलाबा जिल्ह्यातून निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. कुळांच्या प्रश्नाने जिल्ह्याच्या राजकारणास दिलेली ही दिशा पुढे अनेक दशके टिकली.

खाडीपलीकडील संस्थानी प्रजेला मात्र प्रांतिक विधिमंडळासाठी मत नव्हते. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आले. त्यामुळे १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक हीच दिघी-श्रीवर्धन भागातील सर्वसामान्य प्रौढ स्त्री-पुरुषांच्या दृष्टीने विधिमंडळाचा प्रतिनिधी निवडण्याची पहिली संधी होती. शेजारच्या अलिबाग-पेणमधील सधन मतदारांचा अनुभव तोवर दोन-तीन दशकांचा झाला होता. प्रौढ मताधिकाराने सधन व निर्धन यांप्रमाणेच खालसा मुलूख व संस्थानी मुलूख हा भेदही पुसून टाकला.

मतदानाची पद्धत : १९५२ व १९५७ मध्ये प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी असे व मतदार आपली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकत असे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एकाच मतपत्रिकेवरील चिन्हापुढे शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. १९८९ मध्ये मतदाराची किमान वयोमर्यादा २१ वरून १८ वर्षांवर आली. २००४ मध्ये लोकसभेसाठी सर्वत्र मतदानयंत्रे वापरण्यात आली. २०१४ पासून लोकसभेच्या मतदारास ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही उपलब्ध झाला.

कुलाबा मतदारसंघ (१९५२–२००८) : पहिल्या लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधित्व काँग्रेस पक्षाचे चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी केले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री असलेल्या देशमुखांचा जन्म रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला होता. भाषावार प्रांतरचनेत मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याच्या केंद्र शासनाच्या धोरणास त्यांनी विरोध केला आणि जुलै १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनास या राजीनाम्याने मोठे नैतिक बळ मिळाले.

१९५७ ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. संयुक्त महाराष्ट्र समितीतील घटकपक्ष असलेल्या शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत कुलाब्यातून विजयी झाले. कोकणातील इतर दोन मतदारसंघांनीही काँग्रेसला नाकारले : राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै व रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजी आसर निवडून आले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर आंदोलनाचा मूळ हेतू सफल झाला आणि १९६२ मध्ये काँग्रेसचे भास्कर नारायण दिघे यांनी कुलाब्याची जागा परत मिळविली.

१९६७ मध्ये मुंबई विधानसभेचे माजी अध्यक्ष दत्तात्रय काशिनाथ कुंटे हे काँग्रेसविरोधी बाजूने निवडून आले. १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत काँग्रेसचे शंकरराव सावंत, १९७७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे दिनकर बाळू ऊर्फ दि. बा. पाटील, १९८० मध्ये काँग्रेस (इं.) पक्षाचे अंबाजी तुकाराम पाटील, १९८४ मध्ये पुन्हा दि. बा. पाटील आणि १९८९ मध्ये काँग्रेसचे अब्दुल रहमान अंतुले असा क्रम राहिला.

या यादीतील एक विशेष लक्षणीय आहे. १९५२ ते १९८९ या काळातील नऊ सार्वत्रिक निवडणुकांत कुलाब्याने एकदाही त्याच पक्षास वा त्याच व्यक्तीस सलग दुसऱ्यांदा निवडून दिले नाही. काँग्रेस व काँग्रेसविरोधी पक्ष यांना आळीपाळीने संधी मिळत गेली. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मतदारसंघात जवळजवळ तुल्यबळ असे दोन राजकीय प्रवाह नांदत होते. एक, काँग्रेसचा, त्यास दक्षिणेकडील तालुके, व्यापारी वर्ग व अल्पसंख्याक समाज यांचा मुख्य आधार होता. दुसरा, शेतकरी कामगार पक्षाचा. अलिबाग, पेण, पनवेल व उरण या उत्तरेकडील पट्ट्यात, कूळचळवळीच्या परंपरेतून व विशेषतः आगरी शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर तो उभा होता. दोहोंतील अंतर अल्प असल्याने त्या त्या वेळचा ज्वलंत प्रश्न पारडे फिरविण्यास पुरेसा ठरे.

१९८४ चा निकाल या दृष्टीने उद्‌बोधक आहे. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. उरलेल्या पाचांपैकी दोन कोकण किनाऱ्यावरील होत्या : कुलाब्यातून दि. बा. पाटील व राजापुरातून मधू दंडवते. कुलाब्यातील विजयामागे भूसंपादनाचा प्रश्न होता. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको महामंडळामार्फत नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्यात येत होत्या. वाजवी मोबदल्यासाठी चाललेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या आंदोलनाचे नेतृत्व दि. बा. पाटील यांच्याकडे होते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. ज्या वर्षी देशभर सहानुभूतीची लाट होती, त्याच वर्षी कुलाब्याच्या मतदारांनी जमिनीच्या प्रश्नावर कौल दिला.

येथे एक भेद ध्यानात घेणे इष्ट आहे. उरण-पनवेलच्या भूसंपादनाचा श्रीवर्धन-म्हसळ्याच्या गावांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तेथील प्रश्न निराळे होते : खाड्यांवरील पूल, रस्ते, बंदरांची दुरवस्था, मुंबईकडे होणारे स्थलांतर. तरीही दोन्ही भागांतील मते एकाच पेटाऱ्यात जमा होत व दोहोंचा मिळून एकच खासदार असे. उत्तरेकडील लोकसंख्या जसजशी वाढत गेली, तसतसा निवडणुकीचा मुख्य विषय उत्तरेत ठरू लागला.

अंतुले-पर्व : दक्षिण भागाचा प्रभाव प्रस्थापित करणारे नेते म्हणून बॅरिस्टर अंतुले यांचा निर्देश करावा लागेल. म्हसळा तालुक्यातील आंबेत हे त्यांचे गाव. श्रीवर्धन मतदारसंघातून ते प्रथम १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून आले. जून १९८० ते जानेवारी १९८२ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दीत १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले व १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला. रेवस ते रेडी या किनारी मार्गाची कल्पनाही त्यांच्या नावाशी निगडित आहे. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी लोकसभा मतदारसंघाचे नाव मात्र आणखी सव्वीस-सत्तावीस वर्षे कुलाबाच राहिले. कारण मतदारसंघाची नावे पुनर्रचनेच्या आदेशानुसार ठरतात, जिल्ह्याच्या नामांतराने ती आपोआप बदलत नाहीत.

अंतुले यांनी १९८९, १९९१ व १९९६ अशा तीन निवडणुका सलग जिंकल्या व आळीपाळीची जुनी परंपरा मोडली. १९९८ व १९९९ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे रामशेठ ठाकूर विजयी झाले. २००४ मध्ये अंतुले पुन्हा निवडून आले आणि २००६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या अल्पसंख्याक विकास मंत्रालयाचे पहिले केंद्रीय मंत्री झाले. कुलाबा या नावाने झालेली ही शेवटची सार्वत्रिक निवडणूक होय.

पुनर्रचना : भारतीय संविधानाच्या ८२ व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या जागांचे राज्यांत फेरवाटप व मतदारसंघांची पुनर्रचना अपेक्षित आहे. महाराष्ट्राच्या वाट्यास १९६२ मध्ये ४४, १९६७ पासून ४५ व १९७७ पासून ४८ जागा आल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यनिहाय जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर स्थिर केली. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. दरम्यान राज्याच्या एकूण जागा तशाच ठेवून राज्यांतर्गत सीमा मात्र २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने आखण्याचे ठरले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने हे काम पूर्ण केले व त्याचे आदेश फेब्रुवारी २००८ मध्ये अंमलात आले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धतीशी तुलना केल्यास या व्यवस्थेचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. तेथील प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांचे दर दहा वर्षांनी राज्यांत फेरवाटप होते आणि बहुसंख्य राज्यांत मतदारसंघांच्या सीमा राज्य विधिमंडळेच आखतात. त्यामुळे सत्तारूढ पक्षाने स्वतःच्या सोयीने वेडेवाकडे मतदारसंघ पाडण्याचे प्रकार तेथे जुने आहेत. १८१२ मध्ये मॅसॅचूसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळातील अशा आखणीवरूनच या प्रकारास ‘गेरीमँडरिंग’ ही संज्ञा मिळाली. भारतात हे काम स्वतंत्र आयोगाकडे असते. खासदार व आमदार सहयोगी सदस्य म्हणून सूचना करू शकतात, परंतु त्यांना मताधिकार नसतो. आखणीत पक्षीय हेतू नसला, तरी तिचे परिणाम राजकीय असतात, हे मात्र दोन्ही देशांत सारखेच.

रायगडच्या बाबतीत परिणामाचे मूळ साध्या अंकगणितात होते. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ व लोकसभेच्या ४८ जागा असल्याने सहा विधानसभा मतदारसंघांचा एक लोकसभा मतदारसंघ होतो. विधानसभा मतदारसंघाने जिल्ह्याची सीमा ओलांडू नये, असा दंडक होता. मुंबईच्या जवळिकीने रायगडची लोकसंख्या वाढत होती, तर रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची तुलनेने खुंटली होती. नव्या रचनेत रायगडला सात जागा मिळाल्या. रत्नागिरीच्या जागा घटून पाचावर व सिंधुदुर्गच्या तीनावर आल्या. तीन जिल्ह्यांच्या मिळून पंधरा जागा झाल्या. त्यांतून दोन लोकसभा मतदारसंघ पूर्ण होऊन तीन जागा उरत होत्या. परिणामी कुलाबा, रत्नागिरी व राजापूर या तीन जुन्या मतदारसंघांच्या जागी रायगड व रत्नागिरी–सिंधुदुर्ग हे दोन मतदारसंघ अस्तित्वात आले. उत्तरेकडील पनवेल, कर्जत व उरण हे तीन विधानसभा मतदारसंघ पुणे जिल्ह्यातील मावळ, चिंचवड व पिंपरी यांच्याशी जोडून मावळ हा नवा लोकसभा मतदारसंघ बनविण्यात आला.

अशा रीतीने सह्याद्रीच्या दोन बाजूंचा प्रदेश एका मतदारसंघात आला व एकच जिल्हा दोन मतदारसंघांत विभागला गेला. या विभागणीचे एक ठळक उदाहरण म्हणजे २०१९ मध्ये रायगड मतदारसंघात २३ एप्रिलला व मावळमध्ये २९ एप्रिलला मतदान झाले. २०२४ मध्येही या तारखा ७ मे व १३ मे अशा वेगळ्या होत्या. एकाच जिल्ह्यातील पेण व पनवेल या शेजारच्या भागांनी एकाच लोकसभेसाठी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उमेदवारांना मते दिली.

पुनर्रचनेचा सर्वाधिक फटका शेतकरी कामगार पक्षास बसला. पनवेल व उरण मावळात गेले, अलिबाग व पेण रायगडमध्ये राहिले आणि पक्षाचा एकसंध प्रभावपट्टा दुभंगला. पक्षाच्या ओहोटीस इतरही कारणे होती : शेतजमिनीचे नागरीकरण, कुळांच्या प्रश्नाची संपुष्टात आलेली धार, कार्यकर्त्यांची पक्षांतरे. तथापि लोकसभेसाठी स्वबळावर जिंकण्याइतके मतदार एका मतदारसंघात राहिले नाहीत, हे रचनेतील कारण निर्णायक होते. २००८ नंतर या पक्षास रायगड व मावळ यांपैकी कोठूनही लोकसभेची जागा जिंकता आलेली नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत तर जिल्ह्यातील एकही जागा त्यास राखता आली नाही.

रायगड मतदारसंघ (२००९ पासून) : नव्या रचनेतील पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. शिवसेनेचे अनंत गीते यांनी अंतुले यांचा १,४६,५२१ मतांनी पराभव केला. गीते १९९६ पासून रत्नागिरीचे खासदार होते. दापोली व गुहागर हा त्यांचा परिचित प्रदेश नव्या मतदारसंघात आल्याने त्यांना मोठा लाभ झाला, तर अंतुले यांच्या दृष्टीने तो प्रदेश नवीन होता.

२०१४ मध्ये गीते यांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे सुनील तटकरे यांच्यावर अवघ्या २,११० मतांनी विजय मिळविला. या निवडणुकीत तटकरे यांच्याशी नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्ष उमेदवारास ९,८४९ मते पडली. ही संख्या विजयी व पराभूत उमेदवारांतील फरकाच्या चौपटीहून अधिक होती. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायास मिळालेली मतेही या फरकाहून अधिक होती. शेतकरी कामगार पक्षाने स्वतंत्रपणे उभ्या केलेल्या उमेदवारास लाखाहून अधिक मते मिळाली. स्वतः जिंकण्याची शक्ती गमावलेला पक्ष निकालाचे पारडे मात्र झुकवू शकतो, हे यावरून दिसून आले. गीते केंद्रात अवजड उद्योग खात्याचे मंत्री झाले.

२०१९ मध्ये शेतकरी कामगार पक्षाने तटकरे यांना पाठिंबा दिला. तटकरे यांना ४,८६,९६८ व गीते यांना ४,५५,५३० मते मिळून तटकरे ३१,४३८ मतांनी विजयी झाले. जून २०२२ मध्ये शिवसेनेत व जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडल्यानंतरची २०२४ ची निवडणूक जुन्याच दोन प्रतिस्पर्ध्यांत, परंतु बदललेल्या आघाड्यांतून झाली. अजित पवार यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादी काँग्रेसचे तटकरे यांनी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे गीते यांचा ८२,७८४ मतांनी पराभव केला. त्या पक्षाने राज्यात जिंकलेली ही एकमेव जागा ठरली. शेतकरी कामगार पक्ष या वेळी गीते यांच्या बाजूस होता. मतदारयादीत साडेसोळा लाखांहून अधिक नावे होती व सु. साठ टक्के मतदान झाले.

प्रतिनिधित्व व दिघी : या मतदारसंघाने देशास एक अर्थमंत्री व राज्यास एक मुख्यमंत्री दिला, त्याच्या प्रतिनिधींपैकी तिघांनी केंद्रीय मंत्रिपदे भूषविली. तरीही किनाऱ्यावरील गावांचे दळणवळणाचे प्रश्न दीर्घकाळ प्रलंबित राहिले. रेवस–रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत आगरदांडा–दिघी पुलाचा समावेश आहे. परंतु ही कल्पना प्रथम मांडली गेल्यानंतर चार दशके उलटून गेली तरी खाडी ओलांडण्यास फेरीबोटीचाच आधार होता. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यास धडकले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील घरे व नारळ-सुपारीच्या बागा यांची अपरिमित हानी झाली.

दुसरीकडे दिघीचे महत्त्व झपाट्याने वाढले. खाजगी गुंतवणुकीतून उभारलेले दिघी बंदर दिवाळखोरीच्या प्रक्रियेनंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी समूहाने ७०५ कोटी रुपयांस ताब्यात घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश होता. अशा प्रकल्पांत निर्णयाचे अधिकार विभागलेले असतात : लहान बंदरे राज्य शासनाच्या सागरी मंडळाकडे, औद्योगिक मार्गिका केंद्राकडे, भूसंपादन महसूल खात्याकडे. ग्रामस्थाला या सर्व यंत्रणांपर्यंत पोहोचविणारा दुवा म्हणजे त्याने निवडून दिलेला आमदार व खासदार. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी १९८४ मध्ये जमिनीच्या प्रश्नावर आपला खासदार निवडून आणला, तो संख्याबळ व संघटना या दोहोंच्या जोरावर. दिघी परिसरातील गावांजवळ संख्याबळ नाही. त्यांचा आवाज अलिबागपासून गुहागरपर्यंतच्या मतांशी जोडला गेला, तरच ऐकू जाण्याजोगा होतो.

पुढील पुनर्रचनेचा प्रश्न याच मुद्द्याशी निगडित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती व त्यांपैकी साडेसात लाख लोक एकट्या पनवेल तालुक्यात होते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर व सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर घसरली. विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत पनवेलची मतदारसंख्या श्रीवर्धनच्या दुपटीहून अधिक होती. ‘एक मत, एक मूल्य’ या तत्त्वाप्रमाणे पाहता ही विषमता दूर होणे न्याय्यच ठरते. मात्र ती दूर होताना किनाऱ्याचे मतदारसंघ विस्ताराने मोठे व संख्येने कमी होतात, आणि खाड्यांनी तुटलेल्या प्रदेशात अधिक मोठा मतदारसंघ म्हणजे मतदार व प्रतिनिधी यांतील अधिक मोठे अंतर. पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्याबरोबर गावाच्या प्रतिनिधित्वाचा काही अंशही निघून जातो. लोकसंख्या हा मतदारसंघाच्या आखणीचा मुख्य आधार असला, तरी भूगोल, दळणवळण व प्रशासकीय एकक यांचाही विचार करण्याची तरतूद परिसीमनाच्या कायद्यात आहे. कोकण किनाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद केवळ औपचारिक नाही. २००८ मध्ये बाणकोट खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावे एका मतदारसंघात आली; पुढील आखणीत ती कोणाबरोबर जोडली जातील, यावर त्यांच्या मताचे वजन ठरणार आहे.